चोवीस तासांचा नकार

“हे चालू आहे,” खोचरेसाहेब म्हणाले.

त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला होता. पडद्यावर ‘श्रवण’ हे नाव आणि त्याखाली चौदा पाठांची यादी. मंगळवार होता, दुपारचे साडेतीन वाजले होते.

“हो साहेब,” मी म्हणालो. मला वाटलं, कौतुक करायला बोलावलंय. तेव्हा मी चाळिशीच्या आत होतो. त्या वयात माणसाला असं काहीबाही वाटतं.

“चालू कसं?”

“रविवारी नोंदी केल्या. सोमवारी सकाळपासून दिसायला लागलं.”

“आणि उद्घाटन कधी आहे?”

“शनिवारी.”

“मग?”

खोचरेसाहेब आमच्या शिक्षण संस्थेचे कार्यवाह. मी संस्थेच्या कॉलेजात संगणक प्रयोगशाळेचा सहायक, म्हणजे ज्या ज्या वस्तूला वायर आहे तिचा जबाबदार इसम. कार्यवाहांच्या ‘मग’ला सहायकाकडे उत्तर नसतं. मी उभा राहिलो.

“फीत कापायच्या आधीच गिऱ्हाइकं दुकानातून माल घेऊन चालली, तर पाहुण्यांनी कापायचं काय? गिऱ्हाइकांचे खिसे?”

शेजारी बसलेले हेडक्लार्क मुळ्ये हसले. साहेबांच्या विनोदाला मुळ्ये विनोद संपायच्या जरा आधीच हसत. सेवाज्येष्ठता अशीच येत नाही.

“साहेब, मुलांचा सोमवारी राज्यशास्त्राचा पेपर आहे,” मी म्हणालो. “एकोणीस अंध मुलं आहेत. त्यांच्याकडे वाचायला दुसरं काही नाही. आत्ता कुठं ऐकायला लागलीत.”

“ऐकू देत की. शनिवारपासून ऐकू देत. शनिवार दुपार, रविवार पूर्ण.”

“चौदा पाठ आहेत, साहेब. एकेक पाठ तासाचा.”

“मग चौदाच तास झाले. दीड दिवसात छत्तीस असतात. मी गणिताचा विद्यार्थी आहे, सुतार. बंद करा ते.”

ज्यांनी आमची संस्था पाहिली नाही त्यांना हा वेडेपणा वाटेल. वेडेपणा नव्हता, रीत होती. आमच्याकडे फीत कापल्याशिवाय वस्तू अस्तित्वात येत नसे. आदल्या उन्हाळ्यात मुलींच्या वसतिगृहात थंड पाण्याचं यंत्र बसवलं. पाहुण्यांची तारीख मिळेना, म्हणून चाळीस दिवस त्याच्या नळांना तांबडी सॅटिनची फीत बांधलेली होती. मुली फितीकडे बघून मागच्या टाकीतलं कोमट पाणी पीत. एका मुलीने गाठ सोडून बाटली भरली, तर तिच्या वडिलांना चिपळूणहून बोलावून घेतलं होतं.

‘श्रवण’ची गोष्ट अशी. आमच्या निवृत्त कुंभोजकर मॅडमनी राज्यशास्त्राचा सगळा अभ्यासक्रम स्वतःच्या आवाजात वाचून, समजावून रेकॉर्ड केला होता. स्टुडिओ म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर. सहा महिने रोज सकाळी डाळ-तांदूळ चढवून त्या बोलायला बसत. पाठांत मधूनमधून कुकरच्या शिट्ट्या आहेत. पुण्यातल्या एका मंडळाने हे पाठ ठेवायला आपल्या यंत्रावर फुकट जागा दिली. मॅडमनी चष्म्याच्या जुन्या डबीत पेनड्राइव्ह घालून मला आणून दिला. मी सगळं पुण्याच्या यंत्रावर चढवलं आणि डबी माझ्या कप्प्यात ठेवली.

मग उरलं नावाचं काम. इंटरनेटवर संस्थेचं एक नाव आहे. ती एक कॉलनी समजा. तिच्या पोटात ‘श्रवण’ नावाचं नवं घर बांधलं. घर कुठं आहे हे कॉलनीच्या फाटकावरच्या रखवालदाराला माहीत पाहिजे. नाहीतर कोणी विचारलं तर तो सरळ सांगणार, असं घर इथं नाही. त्याच्या वहीत दोन ओळी लिहाव्या लागतात: ‘श्रवण’बद्दल काही विचारायचं असेल तर पुण्याच्या या दोन नेमसर्व्हरना, म्हणजे पत्ता सांगणाऱ्या यंत्रांना, विचारा. दोन अशासाठी की एक जेवायला गेला तर दुसरा जागेवर असावा. रविवारी मी त्या दोन ओळी लिहिल्या होत्या. त्याला वीस सेकंद लागले. त्याआधी परवानगीच्या टिपणीवर तीन सह्या मिळवायला सात आठवडे लागले होते.

आता मुळ्यांनी दुसरी टिपणी लिहिली. ‘सदर नोंदी उद्घाटनापर्यंत काढून टाकाव्यात.’ ही मात्र चार मिनिटांत सहीसकट तयार झाली.

“इथं तुमची सही,” मुळ्ये म्हणाले. “‘कार्यवाही केली’ असं लिहा.”

“अजून केली नाही.”

“लिहून मग करा. फरक काय पडतो?”

मी लिहिलं. प्रयोगशाळेत येऊन त्या दोन ओळी काढल्या. पुन्हा वीस सेकंद.

कोपऱ्यातल्या टेबलाशी दामिनी आवटी बसली होती. तिसऱ्या वर्षाची, जन्मापासून दृष्टी नाही, एकोणीस जणांची न नेमलेली पुढारी. कानात इअरफोन होते. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तिने एक इअरफोन काढला.

“सहावा चाललाय, सर. मॅडम मस्त चिडल्यात यात. ग्रामसभेला कोण येतच नाही म्हणून.”

“दामिनी, बंद करावं लागलं ते. शनिवारपर्यंत.”

“काय बंद?”

“श्रवण. साहेबांनी सांगितलं.”

तिने काढलेला इअरफोन परत कानात घातला, ऐकलं, परत काढला. “चालतंय की.”

“चालणार. काढून टाकलं तरी थोडा वेळ चालतं. आपल्याला इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं एक यंत्र आहे. त्याने आज सकाळी रखवालदाराला विचारलं, तेव्हा घर होतं. ते त्याच्या लक्षात आहे. आता चोवीस तास ते परत विचारणार नाही.”

“म्हणजे आठवणीवर चालतंय.”

“तसंच.”

“सकाळी कधी विचारलं होतं?”

मी पाहिलं. “दहाच्या सुमाराला.”

“मग उद्या दहापर्यंत आहे,” ती म्हणाली. तिने दोन्ही इअरफोन कानात घातले आणि माझ्याकडे पाठ केली. वसतिगृहातल्या बाकीच्यांना तिने निरोप धाडला असणार. त्या वेळी मोबाइलवरचं इंटरनेट थेंबाथेंबाने वापरायची गोष्ट होती. मुलं सगळी कॉलेजच्याच वायफायवर होती आणि ते वायफाय त्याच एका यंत्राला विचारून चालत होतं.

बुधवारी सकाळी आठला साहेबांचा फोन आला.

“सुतार, तुम्ही माझ्या तोंडावर खोटी सही केलीत. अजून चालू आहे!”

मी रखवालदार, वही, आठवण, चोवीस तास, सगळं सांगितलं. मी शिक्षक नाही, पण चांगलं सांगितलं असावं, कारण त्यांना समजलं. समजल्यावर त्यांना जास्त राग आला.

“म्हणजे माझी ऑर्डर चोवीस तासांनी लागू होणार?”

“ऑर्डर कालच लागू झाली. जगाला उद्या… म्हणजे आज दहाला कळेल.”

“हे बघा, शब्दांचे खेळ मला नकोत.”

“साहेब, आणखी एक. परत घालायच्या वेळीही असाच वेळ लागेल. शनिवारी कार्यक्रमात चालायला हवं तर शुक्रवारी सकाळीच नोंदी घालाव्या लागतील.”

“शुक्रवारी? म्हणजे परत उद्घाटनाच्या आधी चालू? सुतार, मग हे सगळं कशासाठी केलं? पाहुणे कळ दाबतील. कळ दाबली की चालू. समजलं?”

“कळ दाबून तसं होत नाही.”

“बल्ब होतो ना?”

मी हेही लिहून दिलं, दोन ओळींत, तारखेसह. मुळ्यांनी कागदाच्या कडेला ‘पाहिले’ असं लिहून परत पाठवला. आमच्याकडे ‘पाहिले’ म्हणजे पाहिलं नाही.

दहा वाजून पाच मिनिटांनी ‘श्रवण’ गेलं. दामिनी नवव्या पाठाच्या शेवटापर्यंत पोचली होती. बाकीची मुलं कोणी चौथ्यात, कोणी सातव्यात. त्यानंतर साहेब रोज सकाळी दहानंतर कॉलेजात पाऊल टाकलं की पहिलं काम म्हणून तिथल्या वायफायवर मोबाइल उघडत, ‘श्रवण’ लिहीत आणि ते उघडत नाही याची खात्री करून घेत. मग शिपायाला चहा सांगत. बंद असलेल्या गोष्टीवर इतकी माया मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

गुरुवारी सभागृहात रंगीत तालीम झाली. स्टेजवर मखमली पडद्यामागे मोठा फ्लेक्स होता: मधोमध पाहुण्यांचा फोटो, उजवीकडे अध्यक्ष, डावीकडे खोचरेसाहेब, आणि खाली कोपऱ्यात कानाला हेडफोन लावलेली एक परदेशी मुलगी. ती डोळस होती. कुंभोजकर मॅडम फ्लेक्सवर नव्हत्या. पाहुण्यांनी लाल कळ दाबायची, पडदा मोटारीने सरकायचा, आणि त्याच कळीने स्टेजमागे माझ्यासमोर एक बल्ब लागायचा. बल्ब लागला की मी दोन ओळी टाकायच्या. मग स्टेजवरच्या टेबलाशी बसलेल्या दामिनीने हेडफोनमधून पाठ ऐकायचा आणि ‘ऐकू येतंय’ असं माइकवर सांगायचं.

“हिला काळा चष्मा द्या,” खोचरेसाहेब म्हणाले.

“मी चष्मा वापरत नाही, सर,” दामिनी म्हणाली.

“अगं, पण लोकांना कळायला नको?”

“काय?”

“की तू… की तुमच्यासाठी आहे हे.”

“मला दिसत नाही हे मला चष्म्याशिवाय कळतं, सर.”

“तुला कळून उपयोग काय? पाहुण्यांना कळलं पाहिजे. फोटोत आलं पाहिजे.” त्यांनी तिच्या दोन्ही खांद्यांना धरून खुर्ची सरकवावी तसं तिला वीतभर डावीकडे सरकवलं. “मुळ्ये, तुमचा स्कूटरचा गॉगल आहे ना? तो द्या हिला. आणि पोरी, हस थोडी. तुमच्यासाठीच करतोय हे सगळं.”

“साहेब, पाठ आजच सुरू केले तर—” मी म्हणालो.

“सुतार, इतकी वर्षं हे श्रवण नव्हतं. तेव्हा काय अडलं होतं या पोरांचं? तीन दिवसांनी काय आकाश कोसळतंय?”

त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्याने मोठ्याने बोलत गेलो. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. मी मनात शनिवार उभा करत होतो. कळ दाबली जाते. पडदा सरकतो. टाळ्या. हेडफोनमधून काही येत नाही. खोचरेसाहेब विचारतात. मुलगी म्हणते, नाही. पाहुणे खोचऱ्यांकडे बघतात, अध्यक्ष खोचऱ्यांकडे बघतात, सहाशे माणसं खोचऱ्यांकडे बघतात. आणि माझ्याजवळ तारखेसह कागद, त्यावर ‘पाहिले’. हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलं की शुक्रवारी रात्री मला भूकही बरी लागली.

शनिवारी पाहुणे पाऊण तास उशिरा आले, म्हणजे आमच्या मानाने वेळेवर. माजी मंत्री होते, आजीच्या वाटेवर होते. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी खोचरेसाहेबांनी स्टेजमागे येऊन मोबाइल उघडला, ‘श्रवण’ लिहिलं आणि मला दाखवलं.

“बंद आहे ना?”

“बंद आहे.”

“उत्तम.” मग त्यांनी आवाज खाली आणला. खुर्चीवर मुळ्यांचा गॉगल लावून बसलेली दामिनी दोन हातांवर होती. “सुतार, ऐका. आज स्टेजवर काही वेडंवाकडं झालं ना, तर हे श्रवण कायमचं गुंडाळीन. अध्यक्षांना आधीच नको होतं. परत ते उघडणार नाही, सांगून ठेवतो.”

मी ‘बरं’ म्हणालो. खरं तर मी ऐकलंच नाही. मी माझं चित्र पाहत होतो.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मी बारा वर्षं कोणाला सांगितलेली नाही.

रखवालदाराने ‘असं घर नाही’ म्हणून सांगितलं की विचारणारा तो नकारही लक्षात ठेवतो. किती वेळ ठेवायचा, याचा आकडा आमच्याच वहीच्या पहिल्या पानावर होता. पूर्वी कोणीतरी तो चोवीस तास करून ठेवला होता. म्हणजे बुधवारी दहा वाजता कंपनीच्या यंत्राला मिळालेला ‘नाही’ गुरुवारी दहाला शिळा झाला, आणि साहेबांनी चहाच्या आधी मोबाइल उघडून तो स्वतःच्या हाताने ताजा केला. शुक्रवारी परत. शनिवारी दहा-वीसला परत, माझ्या डोळ्यांदेखत. आता रविवारी दहा-वीसपर्यंत मी त्या वहीत सोन्याच्या शाईने लिहिलं असतं तरी आमच्या कॉलेजात ‘श्रवण’ उघडणार नव्हतं.

तो आकडा मला बदलता येत होता. चोवीस तासांच्या जागी पाच मिनिटं. मंगळवारी बदलला असता, बुधवारी बदलला असता, अगदी शुक्रवारी सकाळी साहेब यायच्या आधी बदलला असता, तरी कळ दाबल्यावर पाच मिनिटांत पाठ सुरू झाले असते. त्याला ना टिपणी लागत होती, ना सही. गुरुवारी तालमीनंतर मी ते पान उघडलं होतं. आकड्यावर बोट ठेवलं होतं. मग पान मिटलं. साहेबांनी मला अडवलं नव्हतं. साहेबांना त्या आकड्याची गंधवार्ताही नव्हती.

पावणेबाराला बल्ब लागला. मी दोन ओळी टाकल्या. ‘कार्यवाही केली.’ मग खुर्ची सरकवून पडद्याच्या फटीतून बघायला बसलो, जसं लोक नाटकाला बसतात.

पडदा सरकला. टाळ्या झाल्या. पाहुणे माइकवर म्हणाले, “माझ्या एका बोटाने आज शेकडो अंधांच्या आयुष्यात उजेड पडला, हे मी माझं भाग्य समजतो.” एकोणीसचे शेकडो कधी झाले ते कळलं नाही. मग खोचरेसाहेब पुढे झाले.

“आपली विद्यार्थिनी दामिनी आता प्रत्यक्ष ऐकून दाखवील. हं, लाव बेटा.”

बेटा. दामिनीने हेडफोन लावले. मोबाइलवर बोट फिरवलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारी तिच्या मोबाइलमधली बाई काय म्हणाली ते मला माहीत होतं. पान सापडलं नाही. तिने परत बोट फिरवलं. पान सापडलं नाही.

“येतंय ना ऐकू?” खोचरेसाहेब म्हणाले.

साहेबांचं हसू जागच्या जागी थांबलं. पाहुण्यांनी मान वळवली. अध्यक्षांनी मान वळवली. माझं चित्र अगदी तसंच्या तसं उभं राहिलं होतं. मी चक्क मांडी घातली.

दामिनीने माइक जवळ ओढला.

“पाठ नववा,” ती म्हणाली. “मुलांनो, काल आपण बघितलं की अधिकार वरून खाली का द्यायचे. आता बऱ्याच जणांना वाटतं, खाली दिले की वरचा लहान होतो. तसं होत नाही. ज्याचं घर आहे त्याला त्याच्या घराबद्दल विचारावं, एवढीच साधी गोष्ट आहे. आता घटनादुरुस्तीने काय केलं, तर— थांबा हं. कुकर झाला. एकच मिनिट.”

सभागृह हसलं. मनापासून हसलं. कुंभोजकर मॅडम पाचव्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला. आवाज त्यांचाच होता. तोच किंचित अनुनासिक ‘बऱ्याच जणांना वाटतं’, तीच ‘थांबा हं’नंतरची धांदल. दामिनी मिनिटभर थांबली, खरंच थांबली, आणि पुढं सुरू झाली. चारेक मिनिटं बोलली. एक शब्द अडला नाही. मग हेडफोन काढून म्हणाली, “ऐकू येतंय, सर. अगदी स्वच्छ.”

टाळ्या थांबेनात. पाहुणे डोळे पुसत होते. माजी मंत्र्याला डोळे पुसताना पाहून फोटोग्राफर धावले. खोचरेसाहेबांनी दामिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात फोटो होईपर्यंत काढला नाही.

माझी मांडी तशीच होती.

जेवणावळ सुरू झाली तेव्हा मी प्रयोगशाळेत जाऊन बसलो. मला तिचा राग आला होता, खरं सांगतो. असा हातातोंडाशी आलेला खोचरे तिने सोडवून नेला होता. काठी टेकवत ती आली. गॉगल तिने परत केला असावा.

“सर, आहात ना?”

“आहे. का केलंस तसं?”

“काय?”

“‘नाही येत’ म्हणायचं होतं. एकदा तरी त्यांना कळलं असतं.”

“आणि कायमचं बंद केलं असतं ते?” ती म्हणाली. “तुम्हाला सांगितलं ना त्यांनी, माझ्यासमोर. पुढच्या वर्षीची अकरा पोरं आहेत खालच्या वर्गात. त्यांनी काय ऐकायचं?”

ती अंदाजाने टेबलापर्यंत आली आणि खुर्चीची पाठ चाचपून बसली.

“सर, तुम्हाला माहीत होतं ना, आज चालणार नाही?”

“तुला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच. मंगळवारी म्हणालात, ‘आहे’ असं चोवीस तास लक्षात राहतं. मग ‘नाही’ पण राहणारच की. साहेब रोज सकाळी बंद आहे का बघतात, हे तर कॅन्टीनमध्ये पण माहितेय. मी शुक्रवारीच मांडून बघितलं. म्हटलं, मला कळतंय तर सरांना कळलेलंच असणार. सर करतील काहीतरी.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“राहू दे ते,” ती म्हणाली. “मॅडम सांगत होत्या, त्यांचा पेनड्राइव्ह तुमच्याकडंच आहे. चष्म्याच्या डबीत.”

मी कप्पा उघडला. डबी तिथंच होती. कप्प्यात कागद उडू नये म्हणून मी ती कागदावर वजनासारखी ठेवली होती. तोच तो कागद, माझ्या दोन ओळींचा, तारखेचा, ‘पाहिले’वाला. त्या चार दिवसांत पुरावा जागेवर आहे ना हे बघायला मी तो कप्पा दहा-पंधरा वेळा तरी उघडला होता. दर वेळी डबी उचलली होती, कागद वाचला होता आणि डबी परत ठेवली होती. चौदाच्या चौदा पाठ माझ्या मुठीत होते. त्यांना ना नाव लागत होतं, ना नेमसर्व्हर, ना रखवालदार, ना पाहुणे. मोबाइलमधलं एक मेमरी कार्ड लागत होतं.

रविवारी सकाळी साडेदहाला साहेबांचा फोन आला, “सुतार, झकास चालू आहे!” पुढे वार्षिक अहवालात त्या पेपराचा निकाल ‘सुमारे नव्वद टक्के’ असा छापला. एकोणीसपैकी सतरा. राहिलेल्या दोघांपैकी एकाने नंतर शिक्षण सोडलं. दोघांचीही नावं मला पाठ आहेत. खोचरेसाहेबांना माहीत नाहीत, आणि या एका बाबतीत मी त्यांना दोष देत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी डबी हातात धरून उभा होतो, आणि दामिनीने ओढणीच्या टोकाला मारलेली गाठ सोडून टेबलावर रिकामी केली. नखाएवढी काळी कार्डं. एकेकाला चिकटपट्टी लावून ब्रेलमध्ये टोचून काहीतरी लिहिलेलं.

“एकोणीस आहेत, मोजा,” ती म्हणाली. “बुधवारीच गोळा केली होती. म्हटलं, सर बोलावतील.”

मी पहिलं कार्ड घातलं. एका कार्डाला नऊ मिनिटं लागत होती.